बोलावणं नसलेला रस्ता

आमच्या घरी पत्रक छापायला टाकण्याआधी ते विरोधकाला वाचून दाखवायची पद्धत होती. विरोधक म्हणजे माझा मामा. धुळ्यात त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं, आणि बाबांच्या प्रत्येक चळवळीबद्दल त्याचं एकच मत होतं, की यातून काही होणार नाही. बाबा खर्डा वाचायचे, मामा चहा पीत ऐकायचा. नियम असा, की वाचणाऱ्याने वाद घालायचा नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा कुठे बदलतो ते बघायचं आणि समासात पेन्सिलीने टिंब करायचं. मामा कंटाळला तो मजकूर कापायचा, चिडला तो ठेवायचा. आणि जिथे काही न बोलता तो कप खाली ठेवायचा, ते वाक्य उचलून थेट मथळ्याखाली घ्यायचं.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. घरभर पिवळ्या-गुलाबी कागदांचे गठ्ठे असायचे. वनजमिनीचे हक्क, धरणग्रस्तांचं पुनर्वसन, लग्नातला मानपान बंद करा, असे विषय. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी सगळी गणितं सोडवली. चौथीत ‘माझा आवडता सण’ या निबंधाचा शेवट मी ‘तरी संबंधितांनी याची त्वरित दखल घ्यावी’ असा केला होता, आणि बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला होता.

आता मी सिंगापूरला राहते. विद्यापीठात पाण्याचे नमुने तपासण्याच्या एका प्रकल्पावर काम करते आणि क्लेमेंटीतल्या सरकारी वसाहतीत एका मराठी जोडप्याच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली आहे. त्यांना मी काका-काकू म्हणते. काका बँकेतून नुकतेच निवृत्त झालेत. काकू एका कंपनीत अर्धवेळ अकाउंट्स बघतात. मुलगा मेलबर्नला, त्याची खोली मला. पहिल्या आठवड्यात मी माझं दूध वेगळं आणून फ्रिजमध्ये ठेवलं, तर काकू म्हणाल्या, “एवढ्याशा फ्रिजमध्ये दोन संसार मांडू नकोस.” तेव्हापासून मी त्यांच्यातच जेवते. सकाळी काका वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, काकू त्यांना गप्प बसवतात, आणि मी बस पकडायला खाली पळते. मला या घरात बरं वाटतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट भांडणाची वाटेल.

काकांना अंदमानला जायचं होतं. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेल बघायला, तसं काकांनाही जेल बघायचं होतंच. पण त्यांचा खरा जीव अडकला होता तिथल्या चुनखडीच्या गुहांत. काकांना भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. वडिलांनी कॉमर्सला घातलं, पुढे बँक, पुढे परदेश, आणि दगड राहून गेले. त्यांच्या कपाटात कपड्यांच्या मागे एक डबा आहे, त्यात कागदात गुंडाळलेले खडे आहेत, आणि प्रत्येक खडा कुठला ते त्यांना तोंडपाठ आहे. निवृत्तीनंतर पहिली सहल या गुहांची करायची, हे त्यांचं कधीचं ठरलेलं.

सहल ठरवली ती यिशुनवाल्यांनी. हे काकांचे जुने मित्र, तुआसच्या जहाजांच्या यार्डात इंजिनिअर आहेत आणि यिशुनला राहतात, म्हणून त्यांना सगळे यिशुनवाले म्हणतात. त्यांनी पुण्यातला एक टूरवाला गाठला, स्वतःसकट ओळखीतली पाच जोडपी जमवली, चेन्नईमार्गे विमानाची तिकिटं बघितली आणि सहलीचा तक्ता ग्रुपवर टाकला. काकूंनी तो मला जेवणाच्या टेबलावर दाखवला. चौथ्या दिवशी गुहा होत्या. तिकडे जायचा रस्ता राखीव जंगलातून होता, पहाटे निघून चौकीपाशी गाड्यांच्या रांगेत थांबायचं, मग ताफा सोडतात. आणि त्याखाली टूरवाल्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘वाटेत आदिवासी दर्शनाची संधी.’

त्या जंगलात कोण राहतं, हे मला ठाऊक होतं. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध अगदी अलीकडचा, तोही त्यांच्या घरातून रस्ता गेल्यामुळे आलेला. तिथे गाडी थांबवायला, काच उघडायला, फोटो काढायला मनाई आहे. पण बघायला मनाई करता येत नाही, आणि टूरवाला विकत होता ते बघणंच.

“काकू, हे माणसं बघायचं तिकीट आहे.”

“आपण थांबणार थोडेच, जाता जाता दिसतील,” काकू म्हणाल्या. “आणि भाजी संपव, उद्या ती कुणी खाणार नाही.”

मी पत्रक लिहायला घेतलं. सिंगापुरात पत्रकं वाटायची तर परवानगी काढावी लागते, इमारतीखालच्या फलकावरसुद्धा आपण होऊन काही चिकटवता येत नाही. पण हे पत्रक दहाच माणसांसाठी होतं, आणि ती दहाही माणसं आमच्या घरात माझ्यासमोर बसून पोहे खाल्लेली. मी मनापासून लिहिलं. आधी त्या जंगलावरच्या त्यांच्या हक्कांबद्दल. ती माणसं झाडीतून रस्त्याच्या कडेला कशी येतात, गाड्यांतले लोक काचेला नाकं लावून कसे बघतात, कुणी बिस्किटं कशी फेकतात. आपल्याला साधी वाटणारी सर्दी त्यांच्या अख्ख्या वस्तीला कशी महागात पडू शकते. त्यांच्या पोरांच्या कपाळावरची माती, गळ्यातल्या शिंपल्यांच्या माळा, सगळं लिहिलं. वाचणाऱ्याला त्यांच्याबद्दल माया वाटली पाहिजे, हा हेतू.

फोनवर बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “विरोधकाला वाचून दाखवलंस?”

“इथे मामा कुठून आणू?”

“प्रत्येक घरात एक असतो.”

काकू गवार मोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, पेन्सिल घेतली आणि वाचायला लागले. हक्कांच्या परिच्छेदाला त्या गवारीच्या शिरा काढत राहिल्या. आजाराच्या परिच्छेदाला म्हणाल्या, “लिंबू सरबत घेशील का?” मग मी ती माणसं झाडीतून बाहेर येतात तिथे पोचले, आणि काकूंचे हात थांबले. चेहरा उजळला. मी आनंदाने समासात टिंब केलं.

“म्हणजे अगदी रस्त्यावर येतात?” काकूंनी विचारलं. “इतक्या जवळून दिसतात?”

“येतात कधीकधी.”

“बघ बाई. मी तर ह्यांना सांगणार होते की तुम्ही एकटे जा गुहेला, मी हॉटेलवर झोपते, पहाटे तीनला कोण उठणार. आता मात्र जायलाच हवं. तो टूरवाला नुसतं दर्शन म्हणतो, त्यातून काय कळतं माणसाला? तू किती छान लिहिलंयस. यिशुनच्या वहिनींना पाठव, त्या पण नाही म्हणत होत्या.”

मी काही बोलू शकले नाही. नियमच तसा होता.

वर काकूंनी शेंगा मोडता मोडता आणखी एक प्रश्न टाकला. “आणि मला सांग, त्यांना कुणी विचारलंय का, की तुम्हाला जंगलातच राहायचंय म्हणून? उद्या त्यांच्यातलीच एखादी मुलगी म्हणाली, मला शाळेत जायचंय, तर तू काय तिला परत पाठवणार? तू स्वतः धुळ्याहून इथवर आलीस ते.”

त्या रात्री मी खर्डा पुढे घेऊन बसले आणि एकेक ओळ कापत गेले. माया वाटावी म्हणून लिहिलेली प्रत्येक ओळ आमंत्रण झाली होती. टूरवाल्याचं काम मी त्याच्यापेक्षा चांगलं केलं होतं. माळा कापल्या, माती कापली, झाडी कापली. मग त्यांचं नावही कापलं, कारण ते नाव शोधलं की पहिल्यांदा फोटोच येतात. उरला तो हक्कांचा परिच्छेद, जो ऐकताना काकूंनी गवारीकडून मान वर केली नव्हती.

बाबांना हे पटलं नाही. “लोकांना सांगायचं नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय,” ते म्हणाले. “दडवणं हे सत्तेचं काम. आपलं काम सांगणं.”

“आपल्याकडचे लोक स्वतः मोर्चाला आले होते, बाबा. आमच्या पाड्याचं नाव लिहा, असं त्यांनी तुला बजावलं होतं. इथे कुणी काहीच म्हणालेलं नाही.”

“मग तू कुणाच्या वतीने लिहितेयस?”

“त्यांच्या वतीने नाही. जाणार आपण आहोत, तर आपल्यालाच सांगायचंय.”

“बरं, मग सांगणार काय?” बाबा म्हणाले. ते मला माहीत नव्हतं, आणि फोन ठेवल्यावरही सुचलं नाही.

मला ते सुचलं काकूंच्या रुसण्यावरून. सहलीची शेवटची बैठक रविवारी यिशुनला होती. यिशुनवाल्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी अगत्य येणे. मिसळ आहे.’ काका तयार होऊन बसले. काकू गाऊनमध्येच.

“मी नाही येत. मला कुठे बोलावलंय?”

“अगं, ग्रुपवर आहे की.”

“ग्रुपवर सगळ्यांना आहे. सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. तिने मला फोन केलेला नाही.”

हा काकूंचा जुना बाणा. गेल्या वर्षी एका हळदीकुंकवाला याच कारणासाठी त्या गेल्या नव्हत्या, आणि यजमानीण शेजारच्याच इमारतीत राहते. मी मानपान बंद करा म्हणणाऱ्या घरात वाढलेली. लहानपणी पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यांची नक्कल करून आम्ही हसायचो. काकांनी चपला काढल्या आणि निमूट यिशुनला फोन लावला, तिकडून वहिनींचा फोन आला, काकू फोनवर “अगं, त्यात काय एवढं” म्हणाल्या आणि पंधरा मिनिटांत साडी नेसून आल्या. मलाही बोलावणं होतं, वहिनींनी माझं वेगळं विचारलं होतं. त्याचीही काकूंनी खात्री करून घेतली होती.

ज्युरॉंग ईस्टला मेट्रो बदलून आम्ही यिशुनच्या गाडीत बसलो. काका खिडकीशी, फोनवर गुहांचे फोटो मोठे करून बघत. मी काकूंना म्हटलं, “पत्रक पुन्हा लिहिलंय. एकच ओळ आहे.”

“वाच.”

“आपल्याला तिथे कुणी बोलावलेलं नाही.”

काकूंचा चेहरा बदलला. लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव चुकल्यावर होतो तसा झाला.

“म्हणजे आम्ही काय आगंतुक?”

मी समासात पेन्सिलीने टिंब केलं.

“टूरवाल्याने बोलावलंय की.”

काकू बाहेर बघत राहिल्या. क्रांजीच्या आसपास झाडी लागते, ती त्यांनी मान वळवून बघितली आणि मग पर्स घट्ट धरून म्हणाल्या, “टूरवाल्याचं ते घर नाही, हे खरं आहे.” थोड्या वेळाने त्यांनी मागचाच प्रश्न काढला, शाळेत जायचं म्हणणाऱ्या मुलीचा. आता बोलायला मोकळीक होती, कारण वाचन संपलं होतं. मी म्हटलं, “तिला यायचं असेल तर ती येईल, काकू. तेव्हा दार तिने उघडलेलं असेल. आपण काचेतून बघून आल्याने ती काही शाळेत जात नाही.”

“हं,” काकू म्हणाल्या. पटलं असं त्यांनी सांगितलं नाही.

यिशुनवाले दारातच उभे होते. ते मला कॉम्रेड म्हणतात. “या कॉम्रेड. झेंडा कोपऱ्यात ठेवा, मिसळ झणझणीत आहे, क्रांती नंतर करू.” मिसळ खरंच झणझणीत होती. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून त्यांनी पिशव्यांत बांधलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली होती, ती कपात ओतून सगळ्यांना मिळाली. मग टीव्हीवर तक्ता लावून एकेक दिवस वाचणं सुरू झालं. चौथा दिवस आला.

“आमचं दोघांचं चौथ्या दिवसाचं धरू नका,” काकू म्हणाल्या.

काकांनी कपातून वर बघितलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“का हो वहिनी? तीनला उठायचं म्हणून?”

“नाही. बोलावल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही.”

“आपण कुणाकडे जातोय? गुहेला जातोय. ते लोक वाटेत लागतात. आणि रस्ता सरकारी आहे.”

“आमची लिफ्टपण सरकारी आहे,” काकू म्हणाल्या. “म्हणून लिफ्टमधून जाणारा माझ्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. डोकावला तर मी त्याला विचारते, काय पाहिजे.”

“कॉम्रेडनी पढवलेलं दिसतंय.”

“तिने पढवायला मी काय पोपट आहे? तुम्हाला गुहाच बघायची ना? मग गाडीचे पडदे लावून जा. तेवढ्या रस्त्यापुरते.”

“पडदे लावून कोण जातं,” यिशुनवाले हसत म्हणाले, “मग दिसणार काय?” आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ते थांबले. त्यांच्या बायकोने ताटल्या गोळा करायला सुरुवात केली.

सोफ्यावरच्या एक बाई म्हणाल्या, की पलीकडच्या गावांतले लोक तर त्या रस्त्याने रोज जातात. मी म्हटलं, “त्यांना घरी जायचं असतं. दवाखान्यात जायचं असतं.” एवढंच मी त्या बैठकीत बोलले. पत्रक पिशवीतच राहिलं. माझ्यासारखीने तिथे अर्धा तास भाषण करायला हवं होतं, ते माझ्याकडे तयारही होतं. पण काकूंच्या त्या एका वाक्यानंतर त्याला कुठे जागा दिसेना. शेवटी यिशुनवाले म्हणाले, ज्याला यायचं त्याने यावं, जबरदस्ती नाही. वहिनी आतून म्हणाल्या, “मी येणार नाही.” दोन जोडप्यांनी विचार करून सांगतो म्हटलं.

परतीच्या गाडीत काकूंनी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, दोनदा काकांनी नकारार्थी मान हलवली. वुडलँड्स गेल्यावर ते म्हणाले, “मला विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही जाऊ म्हणाला असता, आणि मी आले असते तुमच्यामागे.”

“म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि मला मात्र न विचारता ठरवायचं.”

काकूंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. मी समोरच्या दारावरचा नकाशा वाचत राहिले. मी दहा माणसांना एका रस्त्यापासून थांबवायला निघाले होते, आणि त्याची किंमत ज्याला पडणार होती तो माणूस माझ्या शेजारी बसून फोनवरचे गुहांचे फोटो एकेक करून बंद करत होता. पत्रकात अशा माणसासाठी ओळ नसते.

काकू म्हणाल्या, “बरं. आता विचारते. जायचंय तुम्हाला?”

बुकित बातोक आलं आणि गेलं. ज्युरॉंग ईस्टला गाडी बदलायला उठताना ते म्हणाले, “नको.”

“माझ्यासाठी नको म्हणू नका.”

“तुझ्यासाठी नाही गं. आता गेलो तरी गुहेत लक्ष लागणार नाही. सारखं वाटेल, कुणाच्या तरी अंगणातून आलोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तुझं काम आहे हां. दगड तेवढे बाकी ठेव आमच्यासाठी.”

डिसेंबरात सगळे गेले. चौथ्या दिवशी ताफ्यात यिशुनवाले एकटे आणि एक जोडपं गेलं, बाकीचे थांबले. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सात माणसं थांबल्याने रस्ता बंद होत नाही, रस्त्यासाठी सरकारला लिहावं लागतं. ते बरोबरच आहे, आणि मी लिहिते आहे. त्या निवेदनात एकाही माणसाचं वर्णन नाही.

काका परत आले ते रापून, आणि पहिल्याच रात्री जेवताना सहल सांगायला बसले. जेलबद्दल थोडं सांगितलं, तिथे त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्यांनी विषय बदलला. मग ते चौथ्या दिवसावर आले. त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. सकाळी उशिरा उठले. काकूंनी शहाळेवाल्याशी वाद घातला. ओहोटीला दोघं किनाऱ्यावर गेले, तिथे एक खडक उघडा पडला होता, आणि त्याचे थर तिरके होते. तिरके का, हे काकांनी ताटात वरणाचं बोट फिरवून दाखवलं. कुठला थर आधीचा, मधे काय झालं असेल, समुद्र कुठवर असेल, भरती येईपर्यंत ते त्याच्याभोवती कसे फिरले, आणि पाणी आल्यावरही पॅन्ट वर करून कसे उभे राहिले.

“काही उचलून आणलं नाही ना?” मी विचारलं.

“तिथलं आणायचं नसतं,” काका म्हणाले. “हात लावून बघितला.”

“एवढं माझ्याबद्दल कधी बोलले नाहीत,” काकू म्हणाल्या. “त्या दगडाची ओळख एका दिवसाची.” आणि त्यांनी काकांच्या पानात आणखी भात वाढला, कारण काका अजून मधल्या थरापर्यंतच आले होते.